मूळ आणि प्रत

लेबलसाहेबांचं खरं नाव हजेरीपत्रकात तेवढं उरलं होतं. शिपायापासून वरच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना लेबलसाहेबच म्हणत, काहीजण तर तोंडावर, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या टेबलावरच्या स्टेपलरला ‘स्टेपलर’ असं लेबल होतं. दरवर्षी नव्याने लागलेल्या मंडळींना ते दीड तासाचं व्याख्यान देत. नाव, ‘बॅकअप : एक सवय’. अठ्ठेचाळीस स्लाइड, आणि सदतिसाव्या स्लाइडवर डोकं धरून बसलेल्या एका माणसाचं चित्र. तिथे साहेब थोडं थांबायचे आणि म्हणायचे, “हा माणूस तुम्ही होऊ नका.” नवी मंडळी जांभया गिळत मान डोलवायची.

घरी मात्र त्यांच्या बायकोच्या नऊ वर्षांच्या कामाची एकच प्रत होती.

ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा सुटली की दवाखान्यात, बँकेत, जिथे कुणा बहिऱ्या माणसाला दुभाषी लागेल तिथे जायची. आणि सुट्टीच्या दिवशी तिचं स्वतःचं एक काम चालायचं. शहरातली काही म्हातारी बहिरी माणसं शाळेत कधी गेलीच नव्हती. त्यांना शाळेतली खुणांची भाषा येत नव्हती, पण घरातल्या घरात त्यांनी आपापल्या खुणा तयार केल्या होत्या. जावेला एक खूण, करपलेल्या दुधाला एक, ‘पाहुणे कधी जाणार’ याला एक. ही माणसं गेली की खुणाही जाणार, म्हणून ती अशा अठरा घरी जाऊन त्यांचं चित्रण करायची. अडीच हजारांवर तुकडे झाले होते. ते सगळे तिने जुन्या लॅपटॉपवरून एका हार्ड डिस्कवर हलवले, आणि लॅपटॉप कुणा गरजू मुलीला देऊन टाकला.

“अहो, याची एक प्रत करून ठेवा ना,” असं ती म्हणाली त्याला दीड वर्ष झालं होतं. लेबलसाहेबांनी लगेच तशीच दुसरी डिस्क आणली. तोच रंग, तोच आकार. दोन्हींसाठी चेन असलेली दोन काळी पाकिटं आणली आणि त्यांवर सुबक अक्षरांत लेबलं लावली, ‘मूळ’ आणि ‘प्रत’. डिस्कवर लेबल लावायचं त्यांच्या जिवावर आलं. नव्या कोऱ्या वस्तूला कशाला डिंक लावायचा? मग या रविवारी करतो, पुढच्या रविवारी करतो, असं करत दीड वर्ष गेलं. लेबलं मात्र पहिल्या दिवसापासून तयार होती.

शेवटी एकदाचा तो रविवार उगवला. बायको एका घरी चित्रणाला गेली होती. साहेबांनी आधी टेबल पुसलं. मग दोन्ही डिस्क बाहेर काढून मऊ फडक्याने पुसल्या, पाकिटं झटकली, आणि डिस्क परत पाकिटांत घातल्या. चहा केला. चहा पिऊन ‘प्रत’ लिहिलेल्या पाकिटातली डिस्क कॉम्प्युटरला जोडली. त्यांची पद्धत अशी, की कुठल्याही डिस्कवर काही ठेवण्याआधी तिला एकदा फॉर्मॅट मारायचा, म्हणजे पाटी कोरी. कॉम्प्युटरने विचारलं, यावरचं सगळं जाईल, चालेल? साहेबांनी चष्मा कपाळावरच ठेवून ‘हो’ दाबलं. अर्ध्या मिनिटात काम झालं. आता जागा भरपूर आहे तर आपलंही थोडं ठेवू, म्हणून त्यांनी आधी स्वतःच्या फाइली टाकल्या. घरातल्या प्रत्येक यंत्राची स्कॅन केलेली हमीपत्रं, वीस वर्षांच्या पावत्या, आणि व्याख्यानाच्या सगळ्या वर्षांच्या सगळ्या आवृत्त्या, चित्रफितींसकट. पाऊण तास लागला. तेवढ्यात त्यांनी पेपर वाचून संपवला.

मग त्यांनी ‘मूळ’ जोडली. उघडली. ती रिकामी होती.

रिकामी म्हणजे दुकानातून आणली तशी कोरी. साहेबांनी वायर काढून परत लावली. चष्मा डोळ्यांवर घेतला. मग त्यांची नजर टेबलावरच्या फडक्याकडे गेली. पुसताना दोन्ही डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. परत घालताना त्यांनी पाकिटावरचं लेबल वाचलं होतं, डिस्क नाही. डिस्कवर वाचण्यासारखं काही नव्हतंच.

त्यानंतरच्या दहा मिनिटांत त्यांनी जे केलं ते चुकून झालं नव्हतं. बायको यायची वेळ झाली होती. त्यांनी त्या डिस्कवरच्या स्वतःच्या फाइली घालवायला तिला पुन्हा एकदा फॉर्मॅट मारला. डिस्क ‘मूळ’ पाकिटात घातली, कोरी ‘प्रत’मध्ये. चेन लावली. दोन्ही पाकिटं कपाटात होती तशी ठेवली आणि हात धुतले. ती आल्यावर “कसं झालं गं काम?” असंही विचारलं.

चार दिवस काहीच झालं नाही. हे चार दिवस साहेबांना कसे गेले ते त्यांचं त्यांना माहीत. सांगू, आज सांगू, असं ते सकाळी दाढी करताना ठरवत आणि संध्याकाळी चपला काढताना विसरल्याचं नाटक स्वतःशीच करत. गुरुवारी दुपारी ती शाळेतून लवकर आली, डिस्क जोडली, आणि आतल्या खोलीतून हाक मारली.

“अहो, जरा इकडे या. हे रिकामं दाखवतंय.”

साहेब गेले. वाकून पाहिलं. जणू पहिल्यांदाच पाहतोय असं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मागच्या वेळी वायर तशीच ओढलीस ना?”

मागच्या आठवड्यात तिने खरंच वायर तशीच ओढली होती, दुसरी कुठलीशी, फोनची. पण ‘तशी ओढू नये’ हे तिने गेली दहा वर्षं इतक्या वेळा ऐकलं होतं, की आपण ओढलीच असणार याबद्दल तिला शंका आली नाही.

“मागच्या आठवड्यात घाईत होते,” ती म्हणाली. “ओढली असेन. आणि ते काहीतरी विचारत होतं, मी हो म्हटलं वाटतं. मला मेलीला कळत नाही त्यातलं, मी सगळ्याला हो म्हणते.” मग थोड्या वेळाने, “प्रत नाही ना झालेली?”

“या रविवारी करणारच होतो.”

“तुमची काय चूक,” ती म्हणाली.

हे तीन शब्द साहेबांच्या मनातून पुढे कधी गेले नाहीत. त्या क्षणी मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला होता, आणि जीव भांड्यात पडल्याचीच त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

डेटा परत मिळवून देणाऱ्या बाईंचं दुकान एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर होतं. अरुंद जिना, आत भिंतभर कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एकेक डिस्क, दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीसकट. चिठ्ठी डिस्कलाच बांधलेली होती, पाकिटाला नाही. हे साहेबांनी पाहिलं आणि मान खाली घातली. बाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोलायला तुटक. त्यांनी डिस्क जोडली, कानाजवळ नेऊन ऐकली, आणि विचारलं, “पडली होती का?”

“नाही. मी वायर ओढली,” बायको म्हणाली.

“वायरीने डिस्क बिघडते, उघडत नाही, कुरकुर करते. ही छान उघडतेय. कुणीतरी फॉर्मॅट मारलाय.”

बायकोने साहेबांकडे पाहिलं. यंत्रांच्या प्रश्नाला ती नेहमीच त्यांच्याकडे पाहायची.

“हिनेच काहीतरी दाबलं असेल,” लेबलसाहेब म्हणाले. “तिला त्यातलं कळत नाही.”

“हो, मीच,” बायको म्हणाली. “मिळेल का हो?”

“मिळतं बरंच. फॉर्मॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली असं समजा. पानं जागेवर असतात. पण त्या पानांवर कुणी नवीन काही छापलं, तर खालचं गेलं. ते मी काय, कुणीच आणू शकत नाही.” बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “फॉर्मॅटनंतर यावर काही टाकलंय? एखादा फोटो, एखादं गाणं, काहीही?”

“काहीच नाही,” बायकोने ठामपणे सांगितलं. तिला जेवढं माहीत होतं तेवढं ते खरंच होतं.

साहेब कप्प्यांकडे पाहत राहिले. बाईंनी अर्जावर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, “ठीक आहे. आधी मी हिची जशीच्या तशी नक्कल घेते, मग नकलेवर काम करते. मूळ डिस्कला हात लावायचा नसतो. आठ दिवस लागतील. नावं मात्र परत येणार नाहीत. एक, दोन, तीन, असे नुसते आकडे येतील. कोणतं काय ते तुम्हालाच बघून ओळखावं लागेल.”

त्या आठ दिवसांत बायकोने अठराही घरांना फोन केले. व्हिडिओ कॉल, कारण हातांनी बोलायचं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ती जेवणाच्या टेबलाशी बसायची. घरात आवाज नसायचा, नुसती तिच्या बांगडीची किणकिण. साहेब ओट्याशी उभे राहून कप विसळत. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिची भाषा शिकली नव्हती. ‘नमस्कार’ आणि ‘चहा’ एवढ्यावरच त्यांचं भागत आलं होतं. पण या आठ दिवसांत एक खूण त्यांना न शिकवता कळली. दर फोनमध्ये कधीतरी तिचं बोट वर यायचं आणि तिच्याच छातीवर टेकायचं. मी. माझ्यामुळे. अठरा फोन, अठरा वेळा. कपही तेवढे नव्हते घरात. साहेब धुतलेलेच परत धुवायचे.

एकदा त्यांनी तोंड उघडलंही. “अगं, सगळ्यांना सांगायची काय एवढी गरज आहे? मिळाल्यावर बघू की.”

“त्यांचं आहे ते,” ती म्हणाली. “माझ्या हातून गेलं, तर मलाच सांगायला हवं ना?”

साहेबांनी पुसून ठेवलेला कप परत नळाखाली धरला.

नवव्या दिवशी दुकानातल्या बाईंचा फोन आला. अर्जावर नंबर साहेबांचा होता. ते जेवणाच्या सुट्टीत एकटेच गेले. बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “दोन हजार सहाशे बारा होते ना? दोन हजार तीनशे एक्याण्णव आलेत. चांगले आलेत. दोनशे एकवीस गेले. ते सगळे डिस्कच्या सुरुवातीच्या भागातले, म्हणजे जे सगळ्यात आधी टाकलेले असणार. आणि त्यांच्या जागी हे मिळालं.”

पडद्यावर मिक्सरचं हमीपत्र होतं. त्याखाली पंख्याचं. त्याखाली निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं, ‘बॅकअप : एक सवय’, आणि एका कोपऱ्यात साहेबांचा कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो.

“डिस्क दोनदा फॉर्मॅट झालीय,” बाई म्हणाल्या. “एकाच सकाळी, तासाभराच्या अंतराने. पहिला चुकून झाला असेल. दुसऱ्याबद्दल मी काही बोलत नाही.”

छापलेला अहवाल त्यांनी पुढे सरकवला. चार पानं. तिसऱ्या पानावर सगळं होतं, तारीख, वेळ, वर कुठल्या फाइली टाकल्या ते. साहेबांनी ते वाचलं. सत्तावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलेल्या, कागदाचा कोपरा दुमडला तरी लोकांना फैलावर घेणाऱ्या त्या माणसाने हळू आवाजात विचारलं, “हे तिसरं पान... गाळता येईल का?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टाचणी काढली, तिसरं पान वेगळं केलं आणि त्यांच्या हातात दिलं. “घ्या. तुमचंच आहे,” त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या तीन पानांना परत टाचणी मारली.

जिना उतरताना साहेबांना वाटलं, खालच्या दुकानातला वह्या विकणारासुद्धा आपल्याकडे बघतोय. तो बघत नव्हता. ते पान त्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, मग पँटच्या खिशात, मग परत शर्टाच्या. शेवटी रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकलं आणि दहा पावलांवर जाऊन परत मागे वळून पाहिलं.

बायको अहवाल वाचून रडली, मग हसली, मग कामाला लागली. शाळेत जायच्या आधी दोन तास ती एकेक तुकडा लावायची आणि आकड्याच्या जागी नाव लिहायची. साहेब म्हणाले, “मी काही मदत करू?” ती म्हणाली, “तुम्हाला ओळखू कसं येणार?” टोमणा नव्हता तो. नुसतं खरं होतं. तिसऱ्या दिवशी तिला गेलेल्यांचा हिशोब लागला. दोनशे एकवीस तुकडे जवळजवळ सगळे एकाच घरचे होते. तिने जिथून सुरुवात केली होती ते पहिलं घर, शिलाईवाल्या आजींचं. आजी बहिऱ्या आणि त्यांचे यजमानही बहिरे. यजमान सुतारकाम करायचे. मागच्या हिवाळ्यात ते गेले होते.

“हे फोनवर नाही सांगायचं,” ती म्हणाली. “मी जाऊन येते.”

“मी येतो बरोबर,” लेबलसाहेब म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही.

आजींचं घर म्हणजे एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, आणि दाराशी घंटेऐवजी दिव्याचं बटण. बटण दाबलं की आत दिवा उघडझाप करतो. आजींनी दार उघडलं, गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या काढून त्यांनी बायकोचे गाल कुरवाळले. साहेबांना खुर्ची दिली, चहा दिला. बायको पलंगाच्या कडेवर बसली.

साहेबांना कळावं म्हणून ती दोन्हीकडचं बोलत होती. दुभाष्याच्या कामाचा तिचा नियम साहेब लग्नापासून ऐकून होते. जो जे बोलेल ते पूर्ण पोचवायचं. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, आणि समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. एका डॉक्टरशी ती यावरून भांडलीसुद्धा होती. “हे त्यांना सांगू नका” असं तो तिला म्हणाला, आणि तिने तेही वाक्य हातांनी सांगून टाकलं होतं.

तिने आजींना सांगितलं. हातांनी आणि तोंडाने, दोन्ही. “आजी, तुमच्या घरचं सगळं गेलं. बाकीच्यांचं मिळालं. तुमचंच नाही मिळालं. माझ्या चुकीने.” बोट छातीवर.

आजींनी गळ्यातली मोजपट्टी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांचे हात हलले, आणि बायकोच्या तोंडून आजी बोलू लागल्या. “रडू नको. तू आलीस, नऊ वर्षं आलीस. दुसरं कोण आलं? वायर म्हणजे वायर. माझी सुईसुद्धा रोज हरवते.”

मग आजींनी तिला काहीतरी दाखवायचं ठरवलं. यजमानांची दोन बोटं उमेदवारीच्या दिवसांतच करवतीत गेली होती, म्हणून त्यांच्या सगळ्या खुणा तीन बोटांच्या होत्या. ते आजींना हाक मारायचे त्याची एक खूण होती. आजींनी आपल्या उजव्या हाताची दोन बोटं दुमडली, उरलेली तीन हवेत धरली, आणि मनगट वळवलं. थांबल्या. मान हलवली. परत केलं, आता कानाच्या जवळ. परत थांबल्या. डाव्या हाताने त्यांनी ती दोन बोटं घट्ट दाबून धरली आणि पुन्हा एकदा करून पाहिलं.

“असं नव्हतं,” बायकोच्या तोंडून आजी म्हणाल्या. “वळवून मग खाली होतं, का आधी खाली? मला वाटलं होतं, विसरले तर तुझ्याकडे येऊन बघेन.”

साहेबांनी हातातला कप बशीत ठेवला. तो खणकन वाजला. त्या आवाजाने आजींना काहीच फरक पडला नाही. बायकोने मात्र वळून पाहिलं.

“त्यांना सांग,” लेबलसाहेब म्हणाले. “सांग की, वायरीने काही झालं नाही. मी पुसली डिस्क.”

बायकोचे हात सवयीने वर आले आणि तिने वाक्य अर्धं केलं. मग हात हवेतच राहिले. ती साहेबांकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि साहेबांना त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघवेना. आजींनी मशीनच्या फळीवर टकटक केलं. काय म्हणाला तो? पुढे?

बायकोने वाक्य पूर्ण केलं. मग साहेबांना म्हणाली, “पुढचं बोला. त्या थांबल्यात.”

“अगं, मी तुला...”

“मला नाही. त्यांना बोलताय तुम्ही. बोला.”

आणि लेबलसाहेब बोलले. एकेक वाक्य, कारण तिला एकेक वाक्य पोचवायचं होतं. पाकिटांची अदलाबदल मी केली. न बघता हो दाबलं. मग वर माझ्या फाइली टाकल्या, पंख्याची, मिक्सरची हमीपत्रं. तुमच्या यजमानांच्या जागी आता ती आहेत. कळलं तेव्हा ती पुसायला परत एकदा फॉर्मॅट मारला. दर वाक्याला तिचे हात उठत, हलत, थांबत आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत. घाम पुसायला साहेब थांबले तर तीही थांबायची. घाई करायची नाही आणि सोडायचीही नाही.

“आणि हिला सांगितलं, तूच केलंस. हिने अठरा घरी माफी मागितली. मी तिथेच होतो. कप धूत होतो.”

तेही तिने सांगितलं. पूर्ण. नियमाप्रमाणे स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, मी, मी, मी. त्यांची लबाडी तिच्या हातांनी, तिच्याच छातीवर बोट टेकवत सांगितली जात होती. आजींना मात्र दुभाष्याची सवय होती. त्या तिच्याकडे बघतच नव्हत्या. हात डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाचत होत्या आणि सगळा वेळ टक लावून साहेबांकडे बघत होत्या.

मग आजींचे हात हलले. हळू, थोडेच. आणि बायको बोलली. सव्वीस वर्षांत ती त्यांना कधी अरे-तुरे बोलली नव्हती. पण आजी वयाने मोठ्या होत्या, त्यांनी ‘तू’च म्हटलं असतं.

“माझा नवरा गेला तेव्हा त्याचं मी रडून घेतलं. आज फिल्म गेली, तिचंही रडेन. ते माझं मी बघीन. पण ही पोरगी फोनवर रडत होती, तिला मी समजावत होते, आणि तू बाजूला उभा होतास. तुला ऐकू येत होतं ना? तुझे तर कान चांगले आहेत.”

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत बोलत होती, एका पट्टीत, कामाच्या आवाजात. तिने पदरचं एक अक्षरही घातलं नव्हतं. घातलं असतं तर बरं झालं असतं. निदान तिचं काय ते कळलं असतं.

“येतंय ऐकू,” ते म्हणाले. एवढंच. तेही तिने पोचवलं.

खाली रस्त्यावर आल्यावर ती बस थांब्याकडे चालायला लागली आणि साहेब तिच्या मागे दोन पावलं. “काहीतरी बोल,” ते म्हणाले. बस आली, बसले, उतरले. घराच्या दाराशी किल्ली शोधता शोधता ती म्हणाली, “अठरा घरी मी माझं नाव सांगितलंय.”

“मी जातो सगळीकडे. मी सांगतो.”

“कसं सांगणार? तुम्हाला कुठे बोलता येतं त्यांच्याशी?” तिने दार उघडलं. “मी येईन. तुम्ही बोलायचं, मी हात हलवीन. रविवारी दोन घरं होतील.”

त्या रविवारी दोन घरं झाली, पुढच्या रविवारी तीन. साहेबांना वाटलं होतं, एकदा सांगितलं की पुढचं सोपं जाईल. तसं काही झालं नाही. दर घरी चहा येई, दर घरी माणसं आधी हिचेच हात हातात घेऊन हिलाच धीर देत, आणि मग साहेबांना सुरुवात करावी लागे. दर घरी तेच शेवटचं वाक्य येई, ‘आणि हिला सांगितलं, तूच केलंस’. त्या वाक्याला बायकोचे हात दर वेळी क्षणभर अडखळत. साहेब त्या अडखळण्याची मनातून वाट बघायला लागले होते. तेवढा एक क्षण ती दुभाषी नसायची, त्यांची बायको असायची. तेवढ्या क्षणापुरतं वाटायचं, तिला अजून लागतंय, म्हणजे अजून काहीतरी शिल्लक आहे.

सातव्या घरी, एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या ओसरीवर, साहेब ते वाक्य बोलले आणि खाली बघत थांबले. वर पाहिलं तर तिचे हात केव्हाच मांडीवर आले होते. वाक्य सांगून झालं होतं, सरळ, सफाईने, कुठेही न अडता. न्हावी मान डोलवत होता. ती साहेबांकडे बघत होती.

“झालं तेवढं,” ती म्हणाली. “पुढे काही बोलायचंय?”

लेबलसाहेबांना बोलायचं होतं. पण ते न्हाव्याला सांगायचं नव्हतं, आणि तिला सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. त्यांनी चहाचा कप भरलेलाच बाजूला ठेवला.

“नाही,” ते म्हणाले.

तिने तेही सांगितलं. अजून अकरा घरं राहिली होती.